ऐनवेळचे विषय

या संवादातली दोन्ही माणसं मी रचलेली आहेत. नावानिशी आणि सालानिशी आलेल्या घटना मात्र खऱ्या आहेत. मॅडम राज्यशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापक. अभ्यास मंडळ, विद्या परिषद, अधिसभा (सिनेट) अशा सगळ्या ठिकाणी बसलेल्या आणि प्रत्येक ठिकाणी भांडलेल्या. साहेब त्यांचेच विद्यार्थी, घरातले पहिले पदवीधर, आज उच्च शिक्षण खात्यात उपसचिव. मॅडम त्यांना अरे-तुरे करतात, ते मॅडमना अहो-जाहो करतात. विद्यापीठ समोरच्याने बुडवलं, याबद्दल मात्र दोघांच्याही मनात शंका नाही.

मॅडम : मतदान तोंडावर आलेलं आणि तुमच्याकडून मुंबई विद्यापीठाला पत्र जातं, अधिसभेची निवडणूक थांबवा! सप्टेंबर २०२४ ची गोष्ट. उच्च न्यायालयाने त्या पत्राला स्थगिती दिली म्हणून २४ तारखेला मतदान झालं तरी. त्याआधी ऑगस्ट २०२३ मध्येही अशीच एकदा गाडी रुळावरून उतरवली होती. पदवीधरांच्या दहा जागांना कोण घाबरतं रे एवढं?

साहेब : मी त्या टेबलावर नव्हतो, पण तुम्ही निकालही सांगा ना. दहाच्या दहा जागा ठाकरे गटाच्या युवासेनेला. समोर अभाविप. मुंबई विद्यापीठाचे पदवीधर किती लाख असतील? मतदार यादीत होते तेरा हजारांच्या आसपास. ते अर्ज कुणी भरून घेतले, कागदपत्रं कुणी गोळा केली? पक्षाच्या शाखांनी. याला तुम्ही विद्यापीठाचं स्वातंत्र्य म्हणणार?

मॅडम : यादी लहान आहे हे कबूल. मग ती मोठी करा. पदवी प्रमाणपत्र हातात देतानाच नाव यादीत घाला, वेगळा अर्ज कशाला? निवडणूक वाईट म्हणून नामनिर्देशन चांगलं, हा कुठला न्याय? निवडून आलेला सदस्य निदान चारचौघांत प्रश्न विचारतो. नेमलेला सदस्य कुलगुरूंकडे आधी बघतो, मग हात वर करतो.

साहेब : निवडून आलेले काय विचारतात तेही मी वाचलंय. अधिसभेची इतिवृत्तं आमच्याकडे येतात. कॅन्टीनचा ठेका, प्रवासभत्ता, अमक्याच्या सत्काराचा ठराव. तुम्ही स्वायत्तता म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे स्थानिक चौकशी समिती येते. विद्यापीठाचीच माणसं, महाविद्यालयाला संलग्नीकरण द्यायचं की नाही ते बघायला जातात. मी सहसंचालक कार्यालयात होतो तेव्हा एका नव्या कॉलेजात गेलो. ग्रंथालय भरलेलं, रॅकला रंगही ओला. एक पुस्तक उघडलं तर आत दुसऱ्याच कॉलेजचा शिक्का. दुसरं उघडलं, तोच शिक्का. बाहेर टेम्पो उभा होता. समिती गेली की पुस्तकं परत जायची. आणि समितीचा अहवाल काय, तर ग्रंथालय समाधानकारक. त्या अहवालावर तीन प्राध्यापकांच्या सह्या होत्या मॅडम, मंत्रालयातल्या कुणाची नव्हती.

(हा प्रसंग ऐकून हसू येतं, कारण महाविद्यालयात काम केलेल्या कुणालाही तो नवा नाही. टेम्पोच्या जागी मेटॅडोर घाला, एवढाच फरक.)

मॅडम : त्या तिघांचं मी समर्थन करीन असं वाटलं का तुला? पण ते कॉलेज मुळात मागितलं कुणी? संस्थाचालक कोण होता? आमदार ना? नवीन महाविद्यालयाला अखेरची परवानगी शासन देतं. विद्यापीठाने नको म्हटलेलं कॉलेज मंत्रालयातून मंजूर होऊन आलेलं मी पाहिलंय. त्या तिघांनी खोटी सही केली, हा त्यांचा गुन्हा. पण खरं लिहिलं असतं तर काय झालं असतं, ते त्यांना ठाऊक होतं.

साहेब : म्हणजे घाबरले. घाबरणाऱ्यांना स्वातंत्र्य देऊन काय करायचं?

मॅडम : हे बरं बोललास, याच्यावर येऊ आपण. आधी तू कुलगुरूंचं सांग. २०२१ मध्ये जे केलंत ते काय होतं?

साहेब : सांगतो. २०१६ च्या मूळ विद्यापीठ कायद्यात शोध समिती तीन जणांची होती. कुलपतींनी, म्हणजे राज्यपालांनी, नेमलेला अध्यक्ष, शासनाचा एक सचिव, आणि व्यवस्थापन परिषद व विद्या परिषद मिळून सुचवतील असा एका राष्ट्रीय संस्थेचा प्रमुख. ही समिती किमान पाच नावं द्यायची आणि राज्यपाल एक निवडायचे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीत एवढंच होतं की समितीची नावं आधी सरकारकडे यावीत, सरकारने त्यांतली दोन राज्यपालांकडे पाठवावीत आणि त्यांनी तीस दिवसांत एक निवडावं. शिवाय उच्च शिक्षण मंत्री प्र-कुलपती. यात एवढा गहजब कशाला? पगार कोण देतं? आम्ही. विधानसभेत उत्तर कोण देतं? आमचे मंत्री. राज्यपालांना कुणी तारांकित प्रश्न विचारतं का?

मॅडम : ‘एवढंच’! पाचातली दोन मंत्री निवडणार, मग समितीने कशाला खपायचं? प्रत्येक इच्छुक आधी समितीकडे जाण्याऐवजी बंगल्यावर जाणार. आणि पुढे काय झालं? सरकार बदललं, २०२२ मध्ये दुरुस्ती मागे घेतली. तत्त्व म्हणून आणली नव्हती आणि तत्त्व म्हणून मागेही घेतली नाही. राजभवनात वेगळ्या पक्षाचा माणूस होता तेव्हा ती हवी होती, तो आपलाच झाला तेव्हा नको झाली.

साहेब : राजभवन तरी तुमचं आहे का?

मॅडम : मुळीच नाही. १८५७ ला मुंबई विद्यापीठ निघालं तेव्हा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन कुलपती झाले. त्या खुर्चीवरची गादी तेवढी आपण बदलली. राज्यपालांना या कामातून मोकळं करा, असं पुंछी आयोगाने २०१० मध्ये सांगितलं, इथे कुणी ऐकलं नाही. राजभवन निःपक्ष असतं असं म्हणणारी मी नव्हे.

साहेब : मग दिल्ली? जानेवारी २०२५ चा यूजीसीचा मसुदा वाचलात ना? शोध समितीत एक कुलपतींचा, एक यूजीसीच्या अध्यक्षांचा, एक विद्यापीठाचा. राज्य सरकारचा कुणीच नाही! आणि कुलगुरू व्हायला प्राध्यापकच असावं असंही नाही, उद्योगातला, प्रशासनातला माणूस चालेल. आमच्या खात्यात त्या दिवशी जो तो तुमच्यासारखं बोलायला लागला मॅडम. स्वायत्तता, संघराज्य, शिक्षणाचं पावित्र्य! मलाच हसू आलं.

मॅडम : तुला हसू आलं हे ऐकून बरं वाटलं. माझं दुखणं तेच आहे. मंत्रालय, राजभवन, दिल्ली, तिघं भांडतात, ज्याचं घर आहे त्याला कुणी विचारत नाही. तू वर्गात कोठारी आयोग वाचला होतास, आठवतो?

साहेब : परीक्षेपुरता.

मॅडम : १९६४ ते ६६. त्यांनी स्वायत्ततेची गोष्ट फार सोप्या भाषेत सांगितलीय. विद्यार्थी कुणाला घ्यायचं, शिक्षक कुणाला नेमायचं-बढवायचं, आणि काय शिकवायचं, कसं शिकवायचं, कशावर संशोधन करायचं. एवढं विद्यापीठाच्या हातात हवं. आता हिशेब लाव. विद्यार्थी कोण निवडतं? जिथे शुल्क आहे, पैसा आहे, त्या अभ्यासक्रमांना सीईटी सेल. शिक्षकाचं पद भरायचं तर वित्त विभागाची मान्यता, मग बिंदुनामावली, मग तुमचं ना हरकत पत्र, आणि ते येईपर्यंत आणखी दोघं निवृत्त. राहिला अभ्यासक्रम. नव्या शिक्षण धोरणाचा एप्रिल २०२३ चा तुमचा शासन निर्णय आठव. मेजर इतके श्रेयांक, मायनर इतके, व्हीएससी, एसईसी, आयकेएस, ओजेटी. अभ्यास मंडळाची शेवटची बैठक मी एका मैत्रिणीकडून ऐकली. टेबलावर एक्सेलचा तक्ता. चौकट रिकामी दिसली की कुणीतरी विचारायचं, इथे काय टाकायचं? राज्यशास्त्र कसं शिकवावं यावर पाच मिनिटंही कुणी बोललं नाही, चौकटी मात्र संध्याकाळपर्यंत भरल्या.

साहेब : त्या चौकटींमुळे नांदेडचा मुलगा पुण्याला बदलून जाऊ शकेल, त्याचं वर्ष जाणार नाही. तुमच्या अभ्यास मंडळांनी आधी काय दिवे लावले होते? मी बी.ए.ला जो पेपर दिला तोच माझ्या धाकट्या भावाने कित्येक वर्षांनी दिला. गाईड तेच, फक्त किंमत वाढलेली. आणि गाईडवर ज्यांचं नाव होतं ते अभ्यास मंडळावर होते. मुलांना नवीन काही शिकवा हे तुम्हाला सांगायला शासन निर्णय काढावा लागला, याची लाज कुणाला वाटायला हवी?

(मॅडम इथे गप्प बसल्या. गाईडवाल्यांची हकिगत खरी आहे, आणि प्राध्यापकांच्या संघटनांनी वेतन आयोगावर जेवढे मोर्चे काढले त्याच्या दशांशही यावर काढले नाहीत. हे मी लिहितोय, साहेब नव्हे.)

साहेब : आणि आता माझं खरं बोलणं ऐका. तुम्ही विद्यापीठाला घर म्हणता. ते घर आमच्यासाठी कुणी उघडलं? आतल्यांनी? बाबासाहेब १९२७ ला मुंबईच्या कायदेमंडळात विद्यापीठ विधेयकावर बोलले. विद्यापीठ ज्यांच्यासाठी शिक्षणाची दारं उघडू शकतं, त्या मागासलेल्या समाजाची माणसं सिनेटमध्ये असली पाहिजेत, आणि निवडणुकीने ती येणार नाहीत म्हणून नेमा, असं त्यांचं म्हणणं. बघा, नामनिर्देशन मागितलंय त्यांनी! कारण निवडून येणारे कोण असणार हे त्यांना दिसत होतं. माझी फी माफ झाली ती शासनाने केली. वसतिगृह शासनाचं. आरक्षणाने मला जागा मिळाली ती कायद्याने. आतल्यांवर सोडलं असतं तर मी आज तुमच्यासमोर बसलो नसतो.

मॅडम : हे मला मान्य आहे, तू आज म्हणतोयस म्हणून नव्हे. कायद्याचा हात लागल्याशिवाय इथली दारं उघडली नसती.

साहेब : माझ्या एम.ए.च्या पदवीवर नुसतं ‘मराठवाडा विद्यापीठ’ आहे. मुलीच्या पदवीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव. मधे काय झालं ते तुम्ही वर्गात सांगितलंय. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने नामांतराचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. त्या वेळी ‘विद्यापीठात राजकारण आणू नका’ असं म्हणणारे कोण होते? चांगले शिकलेले लोक. म्हणून मॅडम, विद्यापीठात बाहेरच्यांनी ढवळाढवळ करू नये, हे वाक्य ऐकलं की माझा हात आपोआप खिशातल्या जातप्रमाणपत्राकडे जातो.

मॅडम : आता माझं ऐक, कारण तू अर्धंच सांगितलंस. विधिमंडळाच्या ठरावाआधी, १९७७ ला, विद्यापीठाच्या कार्यकारी मंडळाने नामांतर मागितलं होतं. आतल्यांनी हो म्हटलं होतं रे. विधिमंडळानेही हो म्हटलं. मग पाटी कधी बदलली? १४ जानेवारी १९९४ ला. मधली सोळा वर्षं तो ठराव कुणाच्या कपाटात होता? विद्यापीठाच्या नव्हे, सरकारच्या. नागपूरहून १९७९ ला लाँग मार्च निघाला तो विद्यापीठाच्या विरोधात नव्हता, ठराव करून गप्प बसलेल्या सरकारच्या विरोधात होता. दार उघडतं ते सरकार, हे तुझं म्हणणं खरं. मतं मोजून ते दार अडवून धरतं तेही सरकारच.

साहेब : ...हे तुम्ही वर्गात सांगितलं नव्हतं.

मॅडम : सांगितलं होतं, तू त्या दिवशी आंदोलनात असशील. आणि बाबासाहेबांचंही पुढे ऐक. १९२४ ला मुंबई सरकारच्या विद्यापीठ सुधारणा समितीने प्रश्नावली काढली, तिला त्यांनी लेखी उत्तर दिलं. विद्यापीठाने नुसत्या परीक्षा घेऊ नयेत, शिकवावं. आणि ते शिकवणं शास्त्रीय, अलिप्त, निःपक्षपाती असावं. तीन वर्षांनी कायदेमंडळात ते सिनेटमधल्या जागा मागतात. दोन्ही मागण्या एकाच माणसाच्या. आत कोण येणार हे सरकारने बघावं, आत आल्यावर काय शिकवायचं हे सरकारने सांगू नये. तू पहिली घेतलीस, दुसरी सोडलीस.

साहेब : तुमच्या बाजूच्या लोकांनी पहिली सोडून दुसरी घेतली, तेव्हा फिटंफाट.

मॅडम : फिटंफाट नाही. दोन्ही घ्यायच्या आहेत.

(थोडा वेळ चहा झाला. नंतर विषय एका पुस्तकावर गेला, आणि मला वाटतं भांडणाचं खरं मर्म तिथे आहे.)

साहेब : मघाशी म्हणालात घाबरणाऱ्यांवर येऊ.

मॅडम : २०१०. रोहिंटन मिस्त्रींची ‘सच अ लाँग जर्नी’. १९९१ ची कादंबरी, बुकरच्या अंतिम यादीत गेलेली, लेखक मुंबई विद्यापीठाचाच माजी विद्यार्थी. बी.ए.च्या इंग्रजीच्या अभ्यासक्रमात होती. शिवसेनेच्या विद्यार्थी संघटनेने हरकत घेतली, प्रती जाळल्या. आणि कुलगुरूंनी काय केलं? कायद्यातले आणीबाणीचे अधिकार वापरले आणि पुस्तक काढून टाकलं. मला सांग, कुठल्या सरकारचा आदेश होता?

साहेब : आदेश नव्हता. सरकार तर तेव्हा काँग्रेस-राष्ट्रवादीचं होतं, शिवसेना विरोधात.

मॅडम : म्हणूनच सांगतेय. पत्र नाही, शासन निर्णय नाही, न्यायालय नाही. अभ्यास मंडळाने अनेक माणसं बसवून, वाचून एक पुस्तक लावलेलं, आणि ते काढायला एक सही पुरली. कायद्यातलं ते कलम कशासाठी असतं? परीक्षेच्या दिवशी पूर आला, केंद्र बुडालं, प्राधिकरणाची बैठक बोलवायला वेळ नाही, अशा वेळेसाठी. कादंबरीतल्या चार वाक्यांनी कुठला पूर आला होता? त्या दिवशी कुलगुरू म्हणाले असते की तक्रार अभ्यास मंडळाकडे पाठवतो, ते वाचतील आणि लेखी उत्तर देतील, तर फार तर काय झालं असतं? दोन दिवस घोषणा झाल्या असत्या.

साहेब : तोडफोड झाली असती. पोलिस बोलवावे लागले असते, मग तुम्हीच म्हणाला असता की आवारात पोलिस कशाला.

मॅडम : म्हणाले असते, खरंय. तरी पुस्तक राहिलं असतं. तुझ्या खात्यावर मी उगाच आरोप करत नाही, माझा पहिला आरोप आमच्यावरच आहे. कायद्याने हिरावलेलं स्वातंत्र्य परत मिळवता येतं, न्यायालयात जाता येतं. फोनवर सोडून दिलेलं कुठे मागायला जाणार? त्याचा कागदच नसतो. बैठकीच्या शेवटी ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’ म्हणून जे येतं, ते आठव. टिपणी नाही, पूर्वसूचना नाही, जेवणाची वेळ झालेली, सगळे म्हणतात मंजूर, मंजूर. मी जिथे जिथे काहीतरी गमावलं गेलेलं पाहिलं, ते तिथे. मतभेदाची नोंद करा म्हटलं की कुलसचिव प्रेमाने सांगतात, मॅडम, एवढं कशाला, आपण घरचेच.

साहेब : तुम्ही नोंद करायला लावायचात.

मॅडम : लावायचे. म्हणून पुढच्या वेळी माझं नाव कुठल्या समितीत नसायचं.

साहेब : मग २०१७ चं काय? ते ऐनवेळचं नव्हतं. मुंबई विद्यापीठाने उत्तरपत्रिका संगणकावर तपासायचं ठरवलं. लाखो उत्तरपत्रिका, ज्यांनी तपासायच्या त्यांची तयारी नाही, यंत्रणेची तर नाहीच. निकाल महिनोन् महिने रखडले, परदेशी जाणाऱ्या पोरांचे प्रवेश लटकले. शेवटी ऑक्टोबरमध्ये कुलपतींनी कुलगुरूंना पदावरून दूर केलं. तेव्हा पालक कुठे आले माहीत आहे? अधिसभेकडे नाही, विद्या परिषदेकडे नाही. मंत्रालयाच्या फाटकावर. सगळं बिघडलं की आम्ही, आणि एरवी आम्ही ढवळाढवळ करणारे!

मॅडम : पण तो निर्णय स्वायत्ततेचा होता का? शिक्षकांना विचारून, एका विषयावर करून बघून, मग पुढे गेलेला? एका माणसाने घाई केली, आणि ज्यांनी अडवायला हवं होतं त्या परिषदांनी अडवलं नाही. प्राधिकरणं दुबळी झाली की कुलगुरू राजा होतो, आणि राजाला हटवायला मोठा राजा लागतो. तू म्हणतोस म्हणून मोठा राजा ठेवा. मी म्हणते परिषदा जिवंत करा.

साहेब : जिवंत करायला माणसं पाहिजेत. आणि इथे, मॅडम, मी माझ्या खात्याचं पाप सांगतो. विभागात जा. सात मंजूर पदं, भरलेली दोन, त्यातला एक विभागप्रमुख, तोच परीक्षा विभागाचा प्रभारी. बाकी सगळे तासिका तत्त्वावर. वित्त विभागाला ते स्वस्त पडतं. आणि खरं सांगू? आम्हालाही सोयीचं पडतं.

(हे वाक्य साहेबांच्या तोंडी घालताना मी थोडा थबकलो. इतकं सरळ कुणी उपसचिव बोलेल का? पण त्याशिवाय हा लेख अप्रामाणिक झाला असता.)

मॅडम : आता बोललास! कुलगुरू कोण नेमणार यावर मोठमोठे अग्रलेख येतात, यावर येत नाहीत. तासिकेवरची बाई नेट पास आहे, पीएच.डी. आहे, सकाळी एका कॉलेजात, दुपारी दुसऱ्यात. नेमणूक सत्रापुरती. दिवाळीच्या सुट्टीचे पैसे नाहीत, परीक्षेच्या महिन्याचे नाहीत, घेतलेल्या तासांचं बिल महिनोन् महिने लटकलेलं. जूनमध्ये पुन्हा अर्ज, पुन्हा मुलाखत, पुन्हा त्याच प्राचार्यांसमोर हात जोडून. ही बाई वर्गात अडचणीचा प्रश्न विचारेल? अभ्यास मंडळावर तर तिला कुणी घेतच नाही. तिच्यावर बंदी घालायला तुम्हाला कायदाच नको, पुढच्या जूनमध्ये बोलावलं नाही की झालं.

साहेब : १९२२ चे कुलगुरू आशुतोष मुखर्जी तुम्ही शिकवायचात. बंगाल सरकारने कलकत्ता विद्यापीठाला अडीच लाख देऊ केले, अटी घातल्या, आणि त्यांनी सिनेटमध्ये उभं राहून अटींसकट पैसे नाकारले. तेव्हा प्राध्यापकांचे पगार थकलेले होते. ते किती भारी वाटायचं आम्हाला. आता कळतं, पगार थकला तरी त्या प्राध्यापकांची नोकरी होती. तासिकेवरच्या माणसाला तुम्ही सांगू शकत नाही, बाबा, तत्त्वासाठी उपाशी राहा. तो तसाही उपाशीच आहे.

मॅडम : आणि महर्षी कर्वे? १९१६ ला महिला विद्यापीठ काढलं, सरकारची सनद नाही, पदवीला मान्यता नाही, शिकवणं मराठीतून. ठाकरसींची देणगी १९२० ला आली, कायद्याची मान्यता यायला स्वातंत्र्य उजाडावं लागलं. सरकारकडून काही घेतलं नाही म्हणून मनासारखं शिकवता आलं, पण त्या पदव्यांवर नोकरी मिळेना त्या मुलींना. फुकट काही नव्हतं. मी तो मार्ग सगळ्यांना सांगणार नाही. खासगी विद्यापीठवाले आज कर्व्यांचं नाव घेतात आणि लाखांत फी घेतात, त्यांना तर मुळीच नाही. सार्वजनिक विद्यापीठ सार्वजनिक पैशानेच चालायला हवं. पैसा तुमचा नाही, लोकांचा आहे. तुम्ही फक्त वाहून आणता.

साहेब : मोजून आणतो, आणि हिशेब मागतो. तेवढं तर चालेल?

मॅडम : पैशाचा हिशेब माग, पै-पैचा माग. पुस्तकाचा मागू नकोस.

साहेब : ठीक. मग आपण सौदा करू. पदं भरायला मी टिपणी ठेवतो, शक्य तेवढी जोरात. पण भरणार कोण? निवड समितीत पुन्हा तुमचेच. अनुदानित कॉलेजात सहायक प्राध्यापकाच्या जागेचा ‘भाव’ काय चाललाय हे चहाच्या टपरीवरचा पोरगाही सांगतो. संस्था घेते, आणि विद्यापीठाचा विषयतज्ज्ञ मान खाली घालून सही करतो. माझी अट अशी : मुलाखतीचं चित्रीकरण, प्रत्येक उमेदवाराच्या गुणांची फोड संकेतस्थळावर, कुणी किती दिले तेही. अमक्याला मुलाखतीत वीसपैकी एकोणीस का आणि तमक्याला तीन का, हे लिहून.

मॅडम : कबूल. आजपासून. आमच्या लोकांना झोंबलं तर झोंबू दे. आता माझी अट. कुलगुरूंच्या शोध समितीने जी पाच नावं दिली ती जाहीर करा, प्रत्येक नावापुढे दोन ओळींचं कारण. आणि कुलपतींनी त्यातलं एक निवडलं तर बाकीचे चार का नाही, तेही. नियुक्ती मंत्रालय करो, राजभवन करो की दिल्ली करो, मला देणंघेणं नाही. कारण लिहून द्यायचं.

साहेब : तुमची अट मान्य होणार नाही.

मॅडम : अरे, सहायक प्राध्यापकाला जे लागू ते कुलगुरूला नको?

साहेब : नियमाने लागू व्हायला हवं. पण माझ्या अटीत तुमची माणसं उघडी पडतात, म्हणून ती फाइल पुढे सरकेल. तुमच्या अटीत आमची पडतात.

मॅडम : मग दोन्ही एकाच टिपणीत लिही. आणि वर काय शेरा येतो तो मला कळव. नकार असेल तर नकार, पण लेखी.

साहेब : लेखी येणार नाही मॅडम. ‘चर्चा करावी’ एवढंच येईल.

मॅडम : त्याच्यावर तारीख असते ना? मग तारखेसकट प्रत पाठव.